रोषाचं मत आणि त्याचा हिशोब: शहापूर-मुरबाडचा आढावा

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीत शहापूरच्या मतदारापुढे मोठा मजेशीर पेच होता. राष्ट्रवादीचे आमदार पांडुरंग बरोरा शिवसेनेत गेले होते आणि शिवसेनेचे माजी आमदार दौलत दरोडा राष्ट्रवादीत आले होते. पाच वर्षांपूर्वीचीच ती दोन माणसं, फक्त चिन्हांची अदलाबदल झालेली. २०१४ ला धनुष्यबाणावर पडलेले दरोडा घड्याळावर निवडून आले आणि घड्याळावर निवडून आलेले बरोरा धनुष्यबाणावर पडले. मतदार पक्षाशी इमान राखून होता असं म्हणावं, तर दोन्ही वेळा घड्याळच जिंकलं. त्याने बसलेल्या आमदाराला घरी पाठवलं असं म्हणावं, तर तेही खरंच. निकालाच्या आकड्यांवरून दोन्ही अर्थ काढता येतात. मतदाराच्या मनात काय होतं ते मात्र त्या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

पुढचा भाग आणखी रंगला. निकालाला महिना होतो न होतो तोच २३ नोव्हेंबर २०१९ चा अजित पवारांचा तो पहाटेचा शपथविधी झाला आणि आमदार दरोडा दिसेनासे झाले. शहापूर पोलीस ठाण्यात आमदार हरवल्याची तक्रार नोंदवली गेली, आणि तक्रारदार होते निवडणुकीत हरलेले माजी आमदार बरोरा. दरोडा यथावकाश हरियाणातल्या गुरुग्रामहून परतले. २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली तेव्हा दरोडा अजित पवारांबरोबर गेले. २०२४ ला पुन्हा तेच दोघे समोरासमोर आले, या वेळी एक घड्याळावर आणि दुसरे तुतारीवर. दरोडा १,६७२ मतांनी निवडून आले.

कष्टकऱ्यांचा मुख्य प्रवाहातल्या राजकारणावरचा विश्वास उडाला आहे आणि ते रागाच्या भरात मत टाकू लागले आहेत, ही चर्चा गेली दहा वर्षं जगभर चालू आहे. त्या चर्चेतली किती मापं ठाणे जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांना लागतात आणि किती लागत नाहीत, ते पाहण्यासाठी हा आढावा.

बाहेरचा युक्तिवाद थोडक्यात असा. आयरिश राज्यशास्त्रज्ञ पीटर मेअर यांचं ‘रूलिंग द व्हॉइड’ त्यांच्या मृत्यूनंतर २०१३ मध्ये आलं. युरोपातले पक्ष लोकांमधून उठून सरकारात जाऊन बसले, लोकही पक्षांतून उठून घरी गेले, आणि मधली जागा रिकामी राहिली, हा त्यांचा मुद्दा. त्या रिकाम्या जागेत मग ओरडणारे शिरले. अमेरिकेत आर्ली हॉशचाइल्ड यांनी लुइझियानातल्या कष्टकरी गोऱ्या माणसांमध्ये वर्षानुवर्षं जाऊन २०१६ मध्ये एक पुस्तक लिहिलं. आपण रांगेत मुकाट उभे आहोत आणि कुणीतरी मधूनच घुसतंय, ही त्या माणसांच्या मनातली सल त्यांनी टिपली. २०१९ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेतल्या जुन्या खाणकामगार वस्त्यांनी पिढ्यान् पिढ्यांचा मजूर पक्ष सोडून हुजूर पक्षाला मतं दिली. या साऱ्याचा मथितार्थ एकच निघाला: कामगाराचा आपला म्हणून एक पक्ष होता, त्याने विश्वासघात केला, मग कामगार एकतर घरी बसला किंवा मिळेल त्या दगडाने काच फोडू लागला.

शहापूर-मुरबाडला हे माप पहिल्याच पायरीवर अडतं, कारण इथल्या कामगाराचा आपला म्हणावा असा पक्ष मुळात नव्हता.

हा कामगार कोण, ते आधी पाहू. वासिंद, आसनगाव, आटगाव या पट्ट्यातल्या कारखान्यांत आणि मुरबाडच्या एमआयडीसीत तो आहे, बहुतेक ठेकेदाराकडे. पहाटेची कसारा लोकल पकडून कल्याण, ठाणे, मुंबई गाठणारा तो आहे. भिवंडीच्या गोदामांत खोकी उचलणारा, हजेरीवर काम करणारा तरुण तोच. पावसाळ्यात खाचरात भात लावतो आणि भात झोडून झालं की बिगारीला निघतो. आणि सर्वांत तळाशी कातकरी कुटुंबं आहेत. ती दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. मालकाकडून आधी बयाणा घ्यायचा, भट्टीवर आठवड्याची खर्ची घ्यायची, आणि मोसमाच्या शेवटी हिशोब झाला की अंगावर फिटलं किती आणि राहिलं किती, हे मालकाच्या वहीवरून कळायचं. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली, कुणबी, आगरी ही माणसं एकाच ठेकेदाराकडे असली तरी एका युनियनमध्ये क्वचित असतात. ‘कामगार’ म्हणून त्यांना साद घालणारा पक्ष इथे रुजला नाही.

शेजारी तो रुजला होता. १९४५ च्या जानेवारीत कल्याण तालुक्यातल्या टिटवाळ्याला किसान सभेचं पहिलं राज्य अधिवेशन भरलं आणि त्यानंतर गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी उंबरगाव-डहाणूकडे वारल्यांचा लढा उभारला. त्याची पुण्याई आजही डहाणूत दिसते. २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा तिथून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले निवडून आले. शहापूर तिथून फार लांब नाही. पण इथे लाल बावटा मोर्चात दिसला, मतदान यंत्रावर नाही.

म्हणजे इथे विश्वासघाताला आधी विश्वासच नव्हता. मग राग कशाचा?

त्याचं उत्तर पाण्याच्या टँकरपाशी सापडतं. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. त्यातलं जवळजवळ निम्मं, म्हणजे ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, एकट्या भातसाचं. भातसा शहापूर तालुक्यात. तानसा, १८९२ सालचं, तेही शहापूर तालुक्यात. वैतरणेची धरणं तालुक्याच्या शिवेवर. भातसाचं पाणी नदीतून पिशाच्या बंधाऱ्यापर्यंत वाहत जातं आणि तिथून उचलून मुंबईला नेलं जातं. तानशाचे अजस्र नळ तर गावांच्या उशाशी आहेत. आणि याच तालुक्यात कसारा-डोळखांबकडच्या वरच्या पाड्यांवर मार्च उजाडला की टँकर सुरू होतात. टँकर आला की थेट विहिरीत ओततात. तळाचा गाळ ढवळून पाणी चहासारखं होतं, पण ते निवळायला वेळ कुणाला? काठावर बायका आधीच दोर सोडून उभ्या असतात. कळशी पुरती बुडायची नाही म्हणून ती हिसका देऊन आडवी पाडायची, अर्धी भरली तरी ओढायची, कारण शेजारणीची कळशीही त्याच पाण्यात आहे. अर्ध्या तासात विहीर पुन्हा कोरडी. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बाईला धरण कुठे आहे ते विचारा, ती हात करून दाखवते.

या पट्ट्यासाठी इगतपुरीच्या भावली धरणातून पाणी आणायची योजना आहे. धरण उंचावर, गावं खाली, त्यामुळे पंपाशिवाय पाणी उतरणार. कल्पना उत्तम. मंजुरी झाली, भूमिपूजन झालं, काम निघालं, आणि तारखा पुढे सरकत राहिल्या. मुरबाडकरांना असाच अनुभव रेल्वेचा आहे. कल्याण-मुरबाड रेल्वे ही पिढ्यांची मागणी. अर्थसंकल्पात तिचा उल्लेख झाला त्यालाही वर्षं लोटली, प्रत्येक निवडणुकीत तिचं इंजीन शिट्टी देतं आणि आचारसंहिता संपली की पुन्हा शेडमध्ये जातं.

एवढं झाल्यावर माणसं मतदानाला का जातात, हा खरा प्रश्न. कारण ती जातात. युरोपातला नाराज कामगार आधी मतदान सोडतो. इथे उलट. २०२४ च्या लोकसभेला, शहापूर-मुरबाड ज्यात येतात त्या भिवंडी मतदारसंघात सुमारे साठ टक्के मतदान झालं आणि शहापूरच्या पाड्यांवर ते कल्याण पश्चिमेच्या सोसायट्यांपेक्षा चांगलंच जास्त होतं. गरीब माणूस श्रीमंतापेक्षा जास्त निष्ठेने मत देतो, हे भारतात १९९० च्या दशकापासून अभ्यासकांना दिसत आलंय. योगेंद्र यादवांनी त्याला लोकशाहीची दुसरी उसळी म्हटलं होतं. मुकुलिका बॅनर्जी यांनी देशभरच्या नोंदी एकत्र करून २०१४ मध्ये याच विषयावर ‘व्हाय इंडिया व्होट्स?’ हे पुस्तक लिहिलं. त्यांना लोकांच्या बोलण्यात कर्तव्य, हक्क, मान आणि यादीतून नाव जाण्याची धास्ती, हे सगळं सापडलं. पार्थ चटर्जींची मांडणी या भागाला जास्त चपखल बसते असं मला वाटतं. गरीब माणसाचं राज्याशी नातं नागरिक म्हणून कमी आणि लाभार्थी म्हणून जास्त असतं. त्याच्या घराखालची जागा त्याच्या नावावर नसते, वनातला प्लॉट कसतो पण सातबारा नसतो, जातीचा दाखला मिळत नाही कारण पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा नसतो. असा माणूस हक्क मागू शकत नाही, तो सवलत मिळवतो, आणि सवलत मिळवायला मत हे एकच नाणं त्याच्या हातात असतं. ते तो टाकून देईल कसा?

त्यामुळे इथला राग मतदान केंद्राच्या आतच व्यक्त होतो. पक्षावर भरवसा नाही, मतावर आहे.

तरी एक पाचर आहे, आणि तिच्याबद्दल निवडणुकीच्या विश्लेषणांत फार वाचायला मिळत नाही. २०२४ ची लोकसभेची तारीख होती २० मे, विधानसभेची २० नोव्हेंबर. मेमध्ये वीटभट्ट्या पेटलेल्या असतात, पाऊस तोंडावर आल्याने शेवटची घाई चालू असते. नोव्हेंबरच्या मध्यात, दिवाळी सरल्यावर, बयाणा घेतलेली बिऱ्हाडं निघू लागतात. म्हणजे कातकऱ्याला मत द्यायचं तर भट्टीमालकाची रजा हवी किंवा गाडी पाठवणारा पक्ष हवा. ज्याची गाडी, त्याचं चिन्ह, हे निदान वाटेत तरी बोललं जातंच. सर्वांत जास्त नाराज असायला ज्यांना सर्वांत जास्त कारणं आहेत, त्यांची नाराजी मतपेटीपर्यंत स्वतःच्या पायांनी पोचतच नाही.

आता रागाच्या मताचा इतिहास. महाराष्ट्रात त्याचं सर्वांत लखलखीत उदाहरण गिरणगावाचं. १९८२ चा संप मोडला गेला, आणि १९८४ च्या डिसेंबरात, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना, दक्षिण मध्य मुंबईने दत्ता सामंतांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. संप हरलेल्या माणसांनी संपाच्या पुढाऱ्याला निवडून दिलं, याहून स्वच्छ निषेधाचं मत दुसरं कुठलं? पण गिरण्या काही उघडल्या नाहीत. १९८९ मध्ये त्याच जागेवर शिवसेनेचे वामनराव महाडिक आले. गिरणीतला राग गल्लीतल्या शाखेत गेला. ठाण्यात आनंद दिघ्यांच्या काळात सेना अशीच ग्रामीण भागात उतरली. दवाखाना, पोलीस ठाणं, शाळेचा दाखला, या कामांना धावून जाणारा माणूस म्हणून. विचार काय, हे विचारायची वेळ त्यात येत नव्हती. या भागाला ‘कामाचा माणूस’ हा निकष तेव्हापासून चिकटला तो आजतागायत.

भिवंडी लोकसभा मतदारसंघ पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये आला. पहिल्या वेळी काँग्रेसचे सुरेश टावरे जिंकले आणि नव्याने निघालेल्या मनसेच्या उमेदवाराने लाखाच्या घरात मतं घेतली. ती मतं रागाचीच होती. त्याच वर्षी मनसेचे १३ आमदार झाले आणि पाच वर्षांत ती लाट एका आमदारावर ओसरली. २०१४ मध्ये बदल हवा होता तो भाजपच्या रूपाने आला. आला कसा, तर जिल्हा परिषदेत राष्ट्रवादीचे वजनदार असलेले कपिल पाटील निवडणुकीच्या तोंडावर भाजपमध्ये आले आणि खासदार झाले. मुरबाडचे राष्ट्रवादीचे आमदार किसन कथोरे त्याच वर्षी भाजपमध्ये आले आणि पुन्हा आमदार झाले. लोकांनी राष्ट्रवादीवरचा राग राष्ट्रवादीतून आलेल्या माणसांना मत देऊन काढला. ही टवाळी नव्हे. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय ठेवलाच नव्हता. त्या वेळी तिसऱ्या क्रमांकावर राहिलेले मनसेचे उमेदवार होते सुरेश म्हात्रे, ज्यांना सगळा तालुका बाळ्यामामा म्हणतो.

दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, हेच बाळ्यामामा शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभे राहिले आणि तोवर केंद्रात पंचायती राज राज्यमंत्री झालेल्या कपिल पाटलांना त्यांनी ६६ हजारांवर मतांनी हरवलं. भिवंडी शहरातल्या यंत्रमाग वस्त्यांनी त्यांना भरभरून मतं दिली, त्याची कारणं वेगळी आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या निकालातला महत्त्वाचा आकडा तिसऱ्या क्रमांकाचा: अपक्ष निलेश सांबरे, २ लाख ३१ हजार मतं. पक्ष नाही, मोठी सभा घेणारा राष्ट्रीय नेता नाही, चिन्ह ऐनवेळी मिळालेलं, आणि एवढी मतं. त्यांचा जोर होता तो शहापूरकडच्या ग्रामीण पट्ट्यात.

ही मतं कशाची? एक उत्तर जातीचं, आणि ते झटकून टाकता येणार नाही. दोन्ही मोठ्या पक्षांनी आगरी उमेदवार दिले होते आणि कुणबी मतदाराला आपला माणूस हवा होता. २०१४ मध्ये काँग्रेसने कुणबी सेनेचे संस्थापक विश्वनाथ पाटील यांना उभं केलं होतं तेही याच हिशोबाने, आणि ते तीन लाखांवर मतं घेऊन हरले. पण जातीने सगळा आकडा भरत नाही. सांबरे यांच्या जिजाऊ संस्थेचं विक्रमगडजवळ झडपोलीला रुग्णालय आहे, पोलीस भरतीचे आणि स्पर्धा परीक्षांचे मोफत वर्ग आहेत, शाळा आहेत. शहापूरच्या एखाद्या वाडीतला मुलगा त्या वर्गातून पोलिसात लागला की त्या वाडीत प्रचाराची गरज उरत नाही. बाहेरच्या देशांत लोकानुनयी नेता कुणावर तरी बोट रोखतो: परदेशी, दलाल, राजधानीतले शहाणे. इथला रोख कुणावरच नव्हता. सरकार जे देत नाही ते मी देतो, एवढंच सांगणं होतं. सरकारवरची ही टीका कुठल्याही भाषणापेक्षा जहाल आहे, आणि तरी तिच्यात एक खोट आहे. रुग्णालय चालवणाऱ्या देणगीदाराला तुम्ही प्रश्न विचारू शकत नाही. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर का नाही, हे विचारायचा हक्क त्याच्या उपकारात विरून जातो.

लोकसभेच्या निकालानंतर सहा महिन्यांत काय झालं ते पाहिलं की रागाच्या मताबद्दलचे सगळे ठोकताळे ढिले होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराने लोक पेटले. २० ऑगस्टला दिवसभर रेल्वे अडवून धरली. बदलापूर मुरबाड विधानसभा मतदारसंघातच येतं. तो उद्रेक कुठल्या पक्षाने घडवला नव्हता, त्यात पक्षांना लोक जवळही येऊ देत नव्हते. तीन महिन्यांनी त्याच मतदारसंघातून सत्ताधारी पक्षाचे कथोरे पन्नास हजारांवर मताधिक्याने निवडून आले. मधल्या काळात लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात पडू लागले होते. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. लोकसभेला पडलेल्या कपिल पाटलांनी पराभवानंतर खापर फोडलं ते आपल्याच पक्षाच्या कथोऱ्यांवर. म्हणजे पक्षाच्या खासदारावरचा राग आणि पक्षाच्या आमदारावरचा लोभ एकाच मतदाराच्या पोटात होता, आणि त्याला त्यात विसंगती वाटली नाही. दीड हजारांबद्दल मुंबईतले शहाणे ‘मतं विकली’ म्हणतात तेव्हा हसू येतं. ज्या बाईला भट्टीवर आठवड्याची खर्ची मालकाच्या मर्जीने मिळते, तिच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात, कुणापुढे हात न पसरता, आयुष्यात पहिल्यांदा रक्कम येते. तिने ती देणाऱ्याला मत दिलं तर तो व्यवहार तिच्या बाजूने चोख आहे. निवडणुकीनंतर छाननी सुरू झाली आणि नावं गळू लागली, तेव्हा सरकारच्या बाजूने तो किती चोख होता ते कळलं.

‘नोटा’चं काय? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने ते बटण आलं. पण त्याला दात नाहीत. नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी विधानसभेत नि लोकसभेत दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवारच निवडून येतो. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांपुरता फेरमतदानाचा नियम केला, तो चांगला आहे आणि फारसा कुणाला माहीत नाही. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा साडेसत्तावीस हजार मतं घेऊन दुसरा आला तेव्हा देशभर बातमी झाली. तिथे तो राग होता की दुसऱ्याच कुणाची चाल, यावर वाद आहे. शहापूर-मुरबाडला या बटणाचं फार आकर्षण नाही, आणि त्यामागचं व्यवहारी शहाणपण समजण्यासारखं आहे. नोटाला मत दिलं तर उद्या दाखल्यासाठी दार कुणाचं वाजवायचं? बहिष्काराचं हत्यार लोक जास्त हुशारीने वापरतात. ‘रस्ता नाही तर मत नाही’ असा फलक वाडीच्या तोंडावर लागतो, तहसीलदार येतो, लेखी आश्वासन देतो, दुपारनंतर मतदान होतं. तो कागद पुढच्या निवडणुकीपर्यंत कुणाच्या तरी पत्र्याच्या पेटीत असतो.

इथवरचा हिशोब मांडला तर रागाच्या मताच्या पदरात फारसं काही पडलेलं नाही. माणसं बदलली, चिन्हं बदलली, खासदार पडला, आमदार पडला. टँकर येतोच आहे. मग या दोन तालुक्यांत कष्टकऱ्यांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत मिळवलं ते कशाने?

मुरबाडच्या काळू धरणाचं उदाहरण घ्या. महामुंबईच्या वाढत्या शहरांसाठी हे धरण. २०११ मध्ये वनखात्याची परवानगी हातात नसताना काम सुरूच करून टाकलं. यंत्रं आली, जंगल तुटू लागलं, ज्यांची गावं बुडणार त्यांना कुणी विचारलं नाही. सत्तेतले पक्ष धरणाच्या बाजूने होते; विरोधातले पक्ष सिंचन घोटाळ्यावर विधानसभेत गरजत होते, पण पाड्यावर येत नव्हते. लढल्या त्या ग्रामसभा, आणि त्यांच्याबरोबर इंदवी तुळपुळे यांची श्रमिक मुक्ती संघटना. एकेका गावाने विरोधाचे ठराव केले. हे ठराव करायला रात्री बसावं लागतं, कारण दिवसा माणसं कामावर असतात. सूचना, गणसंख्या, इतिवृत्त, सह्या-अंगठे, सगळं नियमाने करावं लागतं, नाहीतर वरचा साहेब पहिल्याच वाचनात तो कागद बाजूला टाकतो. संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये न्यायालयाने काम थांबवलं. ज्यांच्यावर सिंचन घोटाळ्याचे आरोप करून पुढे सत्ता मिळवली गेली, त्यांच्यातलेच पुष्कळसे आज त्याच सत्तेत आहेत. धरण मात्र ठरावांनी आणि याचिकेने अडवलं.

शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडचाही काही भाग येतो. त्यामुळे इथल्या ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याचं पाठबळ आहे, २००६ च्या वनहक्क कायद्याचं आहे. वनहक्काचे दावे भरून घेणं, ते फेटाळले की अपील करणं, प्रांताच्या कचेरीवर धरणं धरणं, ही कामं कुठल्या आमदाराने केली नाहीत. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून वेठबिगार सोडवले, नंतर हे दावे हाती घेतले. संघटनेने निवडणुकीत वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या पक्षांशी सोयरीक केली, पंडित स्वतः २००९ मध्ये वसईतून अपक्ष आमदार झाले, यावर टीका करणारे आहेत आणि ती टीका वाजवी आहे. पण सोयरीक करायला हातात काही असावं लागतं, आणि ते मोर्च्याने येतं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला किसान सभेचा लाल मोर्चा कसारा घाट उतरून शहापूरवरून मुंबईला गेला. मार्च २०२३ मध्ये दुसरा मोर्चा निघाला, तो वासिंदलाच थांबला. मैदानात हजारो माणसं मुक्कामाला, अवकाळी पाऊस, आणि सरकारशी वाटाघाटी. मागण्या मान्य झाल्याचं विधिमंडळात सांगितलं गेल्यावरच माणसं परतली. मुरबाडचं बारवी धरण घ्या. उंची वाढवल्यावर विस्थापितांना घरटी एक नोकरी द्यायचं ठरलं, ते त्यांनी वर्षानुवर्षं अडून धरलं म्हणून.

याचा अर्थ मत निरुपयोगी, असा काढू नये. वासिंदला सरकार वाटाघाटीला आलं ते मोर्च्यामागे मतं आहेत म्हणूनच. पण एकटं मत, मागे काही उभं नसलेलं, हे उसनवारीवर दिलेल्या वस्तूसारखं असतं. नेणारा परत आणून देत नाही. समृद्धी महामार्गाने हे दोन्ही तऱ्हांनी दाखवलं. सुरुवातीला जमीनमालकांनी एकजुटीने विरोध केला, मग थेट खरेदीत पाचपट मोबदला आला आणि एकजूट गटागटाने विरली. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, फक्त कसत होते किंवा मजुरी करत होते, त्यांचा त्या वाटाघाटीत आवाजच नव्हता. आणि ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री शहापूरजवळ सरळांब्याला गर्डर कोसळून २० कामगार मेले, त्यातले बहुतेक परराज्यांतले. त्यांचं इथे मत नव्हतं, संघटना नव्हती. महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि तालुक्याच्या डोक्यावरून गाड्या धावू लागल्या.

निलेश सांबरे २०२५ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. त्यांना दोष देऊन काय उपयोग? अपक्षाच्या झोळीत पडलेली सव्वादोन लाख मतं पाच वर्षं सांभाळायची कशी, याची सोय आपल्या राजकारणात नाही, आणि संस्था चालवायला सत्ता लागते. पण ज्यांनी दोन्ही पक्षांना वैतागून त्यांना मत दिलं होतं, त्यांचं मत आता त्यांना न विचारता एका पक्षाच्या खात्यात जमा झालं आहे. सामंतांच्या वेळी याला पाच वर्षं लागली होती. या वेळी एक वर्ष लागलं.

जगातल्या नाराज कामगाराबद्दलची पुस्तकं वाचून शहापूरकडे पाहणाऱ्याला इथे लोकशाहीवर रुसलेला माणूस सापडणार नाही. प्रत्येक निवडणुकीत नव्याने सौदा करणारा, आणि दर वेळी सौद्याचा कागद न करणारा माणूस सापडेल. माझ्या मते इथल्या पराभवाचं मूळ तिथे आहे. मतदाराच्या भोळेपणात किंवा लाचारीत नाही. जिथे कागद केला, म्हणजे ठराव लिहिला, दावा भरला, याचिका घातली, तिथे तो जिंकलेला आहे.

काळू धरणाची फाईल अलीकडे पुन्हा हलू लागली आहे. या वेळी ती हलवणारं सरकार वेगळ्या पक्षांचं आहे.